ऑटोमॅटिक लिटर बॉक्स आणि मांजराची मर्जी: नागपुरातल्या नव्या मांजरवाल्यांसाठी

ऑटोमॅटिक लिटर बॉक्स, म्हणजे मांजराची घाण आपोआप बाजूला काढणारा विजेवरचा डबा, घरी आला की पहिला मोह होतो तो प्लग लावून तो फिरताना बघायचा. तेवढा मोह आवरा. मांजराच्या लेखी ही एक अनोळखी, अवाढव्य वस्तू असते. तिला नव्या प्लास्टिकचा वास येत असतो. त्यात ती पहिल्याच दिवशी घुर्रर्र करून फिरली, तर मांजर त्या खोलीतच यायचं बंद होतं. म्हणून मशीन आधी नुसता डबा म्हणून मांजराच्या गळी उतरवायचं आणि त्याचं मशीनपण नंतर, हळूहळू दाखवायचं. एका वेळी एकच बदल, आणि तो पचल्याशिवाय दुसरा नाही. खाली लिहिलेली प्रत्येक पायरी याच हिशोबाने आहे.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी खोकं पाहून विचारलं होतं, “काहून बाई, मांजरीले बी मशीन लागते आता?” त्यांच्या माहेरी, महालातल्या वाड्यात, मांजरं परसात जायची आणि आपलं आपण माती उकरून झाकून यायची. प्रश्न रास्तच आहे. मांजर एकच असेल आणि घरात दिवसभर कोणीतरी असेल, तर साधा ट्रे आणि स्कूप यांनी उत्तम भागतं. नोकरीवाली माणसं, दोन-तीन मांजरं आणि चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट असं गणित असेल, तर मशीनचा विचार करा.

घेण्याआधी

तीन प्रकारच्या मांजरांसाठी मशीन घाईने घेऊ नका. पहिली म्हणजे सहा महिन्यांखालची किंवा दीड किलोच्या आतली पिल्लं. बऱ्याच मशीनचा वजनाचा सेन्सर एवढं हलकं जनावर धरतच नाही, म्हणजे मांजर ज्यात बसतं तो ड्रम पिल्लू आत असतानाच फिरायला लागू शकतो. दुसरी म्हणजे सांधे धरलेली म्हातारी मांजरं. ड्रमच्या मशीनचं तोंड बरंच उंच असतं आणि रोज चार वेळा तिथे चढणं त्यांना झेपत नाही. तिसरी म्हणजे जी आत्ताच ट्रेबाहेर, गादीवर किंवा पायपुसण्यावर लघवी करतात ती. त्यांचं कारण आधी शोधावं लागतं. ते दुखणं असू शकतं, ट्रेची जागा असू शकते, घरातल्या दुसऱ्या मांजराची दादागिरीही असू शकते. यातलं काहीच मशीनने सुटत नाही, उलट गुंता वाढतो.

आता प्रकार. फणीच्या मशीनमध्ये उघडा ट्रे असतो आणि लोखंडी किंवा प्लास्टिकची फणी लिटरमधून, म्हणजे ट्रेमध्ये भरलेल्या मातीसारख्या दाण्यांमधून, फिरून घाणीचे गोळे एका कप्प्यात ढकलते. उघडं असल्यामुळे भित्रं मांजर ते लवकर स्वीकारतं, पण ओला गोळा फणीच्या दातांना चिकटला की तो खरवडून काढायचं काम तुमच्याकडेच येतं. ड्रमच्या मशीनमध्ये सगळा गोल हळूहळू फिरतो, लिटर चाळलं जातं आणि गोळे खालच्या खणात पडतात. हे सगळ्यात स्वच्छ चालतं आणि सवय लागायला सगळ्यात जास्त वेळही हेच घेतं. सिलिकाच्या खड्यांचं, ट्रेच बदलायचं मशीनही असतं. त्यात खर्च मशीनपेक्षा दर वेळच्या नव्या ट्रेचा जास्त होतो. नळाला जोडून दाणे पाण्याने धुणारं यंत्रही निघालं आहे. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या सोसायटीत राहत असाल, तर त्याच्याकडे बघूसुद्धा नका.

ड्रमचं घेत असाल तर एक गोष्ट दुकानात किंवा व्हिडिओत नीट बघा. ड्रम फिरताना त्याच्या तोंडाची कड आणि बाहेरच्या सांगाड्याची कड एकमेकींवरून अडकित्त्यासारखी सरकते का? तशी रचना असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या. स्वस्तातल्या अशा मशीनमध्ये मांजरं अडकून मेल्याचे प्रकार जगभर झाले आहेत. सेन्सर बिघडला तरी मान अडकायला फटच नसावी, अशी बांधणी निवडावी. आणि पाच आकडी रक्कम मोजण्याआधी विक्रेत्याला विचारा की मोटर गेली तर ती नागपुरात मिळेल का, की अख्खं मशीन कुरियरने परगावी पाठवावं लागेल. उत्तर गोलमोल आलं, तर ते “नाही” समजा.

जागा ठरवणं

पहिला विचार बाल्कनीचा येतो आणि नागपुरात तो चुकतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात प्लास्टिक, मोटर आणि सेन्सर यांचे हाल होतात, आणि तापलेल्या डब्यात मांजर पाऊल टाकत नाही. पावसाळ्यात झड येते. बाथरूमची अडचण निराळी आहे. तिथल्या फरशीला मोरीकडे उतार दिलेला असतो. वजन मोजणारं मशीन सपाट, टणक जमिनीवर चारी पायांनी टेकलेलं लागतं. उतारावर ते चुकीचं वजन दाखवतं किंवा रिकामं असतानाही “आत मांजर आहे” समजून अडून बसतं. बाल्कनीलाही हाच उतार असतो. सतरंजीवर किंवा जाड पायपुसण्यावरही मशीन ठेवू नका.

बहुतेक फ्लॅटमध्ये हॉलचा किंवा मधल्या खोलीचा शांत कोपरा बरा पडतो. मांजराला आत असताना दार दिसावं आणि निघायला दोन वाटा असाव्यात. घरात दुसरं मांजर असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण दबा धरून बसलेल्याला एकच वाट अडवणं सोपं असतं. खाण्यापिण्याच्या भांड्यांपासून लांब ठेवा. वॉशिंग मशीनशेजारी नको. पाहुण्यांना दिसेल म्हणून अडगळीच्या खोलीत कोंबू नका.

कूलरच्या झोतात तर मुळीच नको. त्याची दमट हवा लिटर ओढून घेतं, वर पापुद्रा धरतो, मग गोळे नीट बांधले जात नाहीत आणि बारीक धूळ घरभर होते. हा त्रास फक्त झोताचाच आहे. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर त्याचा उपयोगच होतो, तो कसा ते पुढे येईल.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे आत्ताच्या ट्रेच्या शेजारची. नवं मशीन जुन्या ट्रेला खेटून ठेवता येत असेल, तर वरचं बरंचसं वाचायची गरजही नाही. मांजराने ती जागा आधीच पसंत केलेली आहे.

लिटर आधी, मशीन मागून

फणीची आणि ड्रमची बहुतेक मशीनं गोळा बांधणाऱ्या लिटरवर चालतात. ते बहुधा बेंटोनाइट असतं. ही पाणी शोषून फुगणारी चिकणमाती आपल्या देशात मुख्यतः गुजरात आणि राजस्थानात निघते. आपल्याकडे कितीतरी घरांत मात्र ट्रेमध्ये बांधकामाची रेती असते. घरासमोर कुठेतरी कन्हानच्या रेतीचा ढीग पडलेलाच असतो आणि मांजरालाही ती आवडते. पण रेती गोळा बांधत नाही. ओली रेती चाळणीतून तशीच खाली पडते, बाकीची गिअरमध्ये जाऊन बसते आणि मशीन कुरकुरायला लागतं. लाकडी गोळ्या, भुसा आणि कागदाचे तुकडे यांचंही तेच.

तेव्हा रेतीवर वाढलेलं मांजर असेल, तर मशीनचं खोकं उघडूच नका. आधी जुन्याच ट्रेमध्ये चौथा हिस्सा नवं लिटर मिसळा. मांजर बिनतक्रार वापरतंय असं दिसलं की अर्धं करा, मग पाऊण, मग पूर्ण. याला एक-दोन हप्ते सहज लागतात. लिटर बिनवासाचं घ्या. लॅव्हेंडर आणि लिंबू आपल्या नाकासाठी असतात. मांजराचं नाक कितीतरी तीक्ष्ण, त्याला तो वास अंगावर येतो.

सोयाबीनच्या चोथ्याचं, ज्याला दुकानात टोफू लिटर म्हणतात, ते हलकं असतं आणि धूळही कमी करतं. काही मशीनमध्ये ते चालतं. पण जुलै ते सप्टेंबरच्या आपल्या दमट हवेत उघड्या पिशवीला बुरशी येते, मुंग्या लागतात, किडे होतात. वापरायचंच असेल तर छोटी पिशवी आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पहिला टप्पा: वायर गुंडाळून ठेवा

मशीन जागेवर ठेवलं, पुसून घेतलं, खुणेच्या रेघेपर्यंत लिटर भरलं. त्या रेघेच्या वर भरू नका, वजनाचा हिशोब बिघडतो. आता वायर गुंडाळून मागे खोचून द्या. प्लग लावायचा नाही.

जुन्या ट्रेमधला लघवीचा एक छोटा गोळा आणि थोडं वापरलेलं लिटर आणून नव्यात टाका. किळस वाटेल, पण या एका कृतीचा उपयोग दहा युक्त्यांहून जास्त होतो. जिथे स्वतःचा वास येतो, ती मांजराची जागा. मग तुम्ही तिथून दूर व्हा. मांजराला उचलून आत ठेवायचं नाही, पंजा धरून लिटर उकरायला लावायचं नाही. आमच्या बोक्याला, भुऱ्याला, घरातल्या एका हौशी पाहुण्याने असं आत बसवलं, तेव्हा तो असा उसळून बाहेर आला की निम्मं लिटर सोफ्याखाली गेलं.

या काळात बघत राहणं एवढंच काम. मांजर आधी लांबून वास घेईल. मग पुढचे दोन पाय कडेवर ठेवून मान आत घालेल आणि मागचे पाय मात्र जमिनीवरच. ठकी, आमची भाटी, अशीच अर्धी आत अर्धी बाहेर बराच वेळ उभी राहायची, कान मागे वळवलेले, शेपटीचं टोक हलतंय, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात निघून जायची. हे चांगलं लक्षण आहे, मांजर अंदाज घेतंय. मध्ये पडून “जा गं, जा” करू नका. ते स्वतःहून जवळ गेलं की एखादा खाऊचा तुकडा थोड्या अंतरावर टाका. मशीनच्या आत खाऊ ठेवू नका. जिथे खातो तिथे घाण करू नये, हे मांजराला पक्कं ठाऊक असतं.

तोंड उंच असेल तर समोर एक पाट किंवा छोटा चौरंग ठेवा. तो हलता-डुलता नको. खाली रबरी तुकडा चिकटवला की सरकत नाही. या चौरंगाचा आणखी एक फायदा म्हणजे पंजातलं निम्मं लिटर तिथेच झडतं.

जुना ट्रे हलवू नका. पहिला ट्रे उचलून टाकला की मांजर नाइलाजाने मशीन वापरेल असा सल्ला सर्रास दिला जातो. नाइलाज झालेलं मांजर मशीन वापरतंच असं नाही, ते धुवायच्या कपड्यांची टोपलीही वापरतं. जुन्याची सफाई थोडी सैल करा, दिवसातून दोनदा काढत असाल तर एकदा, आणि नवं चकाचक ठेवा. एवढी ओढ पुरे. जुना ट्रे मुद्दाम घाणेरडा होऊ देणं हा वेगळा प्रकार आहे, तो करू नये.

मशीन बंद असताना त्यातली घाण हाताने, स्कूपने काढायची. “एवढे पैसे देऊन हातानेच?” हा प्रश्न घरातून येणारच. हो, हातानेच. मांजर आत जाऊन लघवी आणि शी दोन्ही करतंय, नंतर माती उकरून झाकतंय, आणि असं सलग काही दिवस रोज दिसतंय, तोवर.

दुसरा टप्पा: आवाज

आता प्लग लावा, पण मांजर दुसऱ्या खोलीत, दार बंद. पहिली फेरी ही तुमची परीक्षा आहे. गुंडाळलेला टॉवेल किंवा पुठ्ठ्याची नळी ड्रमच्या तोंडात धरून बघा, मशीन लगेच थांबतं का. हात घालून बघू नका. मग दोन किलो तांदळाची पिशवी आत ठेवा आणि मशीन “आत कोणीतरी आहे” असं दाखवतं का ते तपासा. फिरता फिरता प्लग काढा आणि परत लावा. बरीच मशीनं वीज आल्यावर स्वतःला तपासायला आपणहून एक फेरी मारतात. तुमचं तसं करत असेल तर हे आधीच माहीत असलेलं बरं. या तिन्हींपैकी एकातही गडबड दिसली, तर मशीन परत करा.

नंतर काही दिवस फेरी फक्त बटण दाबून, मांजर खोलीत नसताना. मग मांजर खोलीत असताना, पण लांब, आणि त्याचं लक्ष दुसरीकडे असताना. दोरीशी खेळतंय किंवा आवडीचं काही खातंय, अशी वेळ साधा. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पुढचे. आपल्याला “अगदी सायलेंट” वाटणारी मोटर त्याला तशी वाटत असेलच असं नाही. मांजर थबकलं, कान फिरवले, पण खात राहिलं, तर पुढे जा. पळून पलंगाखाली गेलं, तर दोन-तीन दिवस पुन्हा वायर गुंडाळून ठेवा आणि मागच्या पायरीपासून सुरू करा.

इथे कूलरचा उपयोग होतो. एप्रिल-मेमध्ये कूलरची घरघर दिवसभर चालू असते आणि मांजर ती सवयीने ऐकेनासं झालेलं असतं. मोटरचा आवाज त्यात मुरून जातो, म्हणून नागपुरात हा टप्पा उन्हाळ्यात सोपा जातो. पण जूनमध्ये पाऊस पडून कूलर बंद झाला, की घर एकदम शांत होतं आणि तोच आवाज मांजराला पहिल्यांदा उघडा ऐकू येतो. त्या हप्त्यात मांजर बिचकलं तर नवल मानू नका. काही दिवस पुन्हा बटणावर चालवा.

सुरुवात कधी करू नये हेही सांगून ठेवते. दिवाळीचा फटाक्यांचा आठवडा टाळा, घराला रंग लागत असेल तर थांबा, आणि गणपतीत मंडळाचा डीजे खिडकीखाली असेल तर विसर्जन होऊ द्या. इतवारी-महालात मारबतीच्या मिरवणुकीच्या वाटेवर घर असेल, तर पोळ्यानंतरचे एक-दोन दिवसही नकोतच. आधीच घाबरलेलं मांजर नव्या गोष्टीवर खापर फोडतं आणि ते नातं मग सहजी जुळत नाही.

तिसरा टप्पा: मशीनच्या हवाली

आता ऑटोमॅटिक चालू करायला हरकत नाही. मांजर बाहेर आल्यावर किती वेळाने फेरी मारायची हे बहुतेक मशीनमध्ये ठरवता येतं. सुरुवातीला सगळ्यात लांबची वेळ ठेवा. मांजर बाहेर येऊन अंग चाटत चार पावलांवर बसतं, आणि पाठीमागे लगेच ड्रम फिरला तर त्याची सांगड ते बरोबर घालतं: मी गेलो की हे हलतं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील तर मांजर तिथे नसतंच. शिवाय ओला गोळा घट्ट व्हायला वेळ मिळतो, नाहीतर तो चाळणीवर चिखलासारखा फासला जातो. पुढे सवय झाली की वेळ सात-आठ मिनिटांवर आणता येते. त्याहून कमी करायची गरज मला कधी वाटली नाही. रात्री फेरी बंद ठेवायची सोय असते, ती लावा.

मोठं मांजर दिवसातून दोन ते चार वेळा लघवी आणि साधारण एकदा शी करतं. दोन मांजरं असली तर मशीन दिवसाला सहा-आठ फेऱ्या मारणार. याहून फारच कमी फेऱ्या दिसत असतील, तर एक मांजर दुसरीकडे कुठेतरी जातंय. शोधा.

जुना ट्रे कधी काढायचा, याचं उत्तर मांजरच देतं. तो आपोआप कोरडा राहायला लागतो. मग रोज वीतभर बाजूला सरकवत न्या आणि शेवटी उचला. घरात दोन किंवा जास्त मांजरं असतील तर माझं मत असं आहे की एक साधा ट्रे कायम ठेवावा. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, असा पशुवैद्यांचा सांगावा असतो, आणि मशीन कितीही महाग असलं तरी त्या हिशोबात ते एकच धरलं जातं.

बाहेर लघवी केली तर

ओरडू नका, नाक घासू नका. त्याने मांजर एवढंच शिकतं की तुमच्यासमोर लघवी करायची नाही.

आपल्याकडे हात लगेच फिनाइलकडे जातो. मांजर असलेल्या घरातून ते बाहेर काढा. फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. फरशीवरून पंजाला लागलेलं ते चाटतं आणि विषबाधा होते. जंतुनाशक म्हणून आपण वापरतो ती बरीचशी दुधाळ होणारी औषधंही याच यादीत येतात. ब्लीच वेगळ्या कारणाने नको. लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा घातक वायू तयार होतो. आधी कागदाने टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने पुसा, आणि मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर लावा. आपल्या नाकाला वास गेला तरी मांजराच्या नाकाला तो उरलेला असतो, आणि ते पुन्हा तिथेच जातं.

बोका भिंतीला पाठ करून, शेपटी ताठ थरथरवत उभ्याने फवारा मारत असेल, तर तो लिटर बॉक्सचा प्रश्न नाही. तो हद्द आखतोय. नसबंदी केली नसेल तर ती करून घ्या.

मांजर मशीनमध्ये जातं, पण लिटर न उकरता बाहेर पळतं, पंजे झटकतं, कडेवर तोल सांभाळत बसतं, झाकतच नाही, अशी लक्षणं दिसली तर त्याला लिटर किंवा जागा पटलेली नाही. लिटर थोडं कमी-जास्त करून बघा. काही धिप्पाड बोक्यांना ड्रममध्ये वळताच येत नाही. त्यांना उघडं, फणीचं मशीनच लागतं.

जे मशीन बघत नाही

हाताने ट्रे साफ करणाऱ्याला रोज कळतं की आज गोळे छोटे आहेत, आज शी पातळ आहे, आज रक्ताचा अंश आहे. मशीन हे सगळं तुमच्या नजरेआड खणात टाकून देतं. म्हणून खण भरो न भरो, रोज एकदा उघडून बघाच. मशीनचं फोनवरचं ॲप वजन आणि फेऱ्या मोजत असेल तर उत्तम, पण ॲपला रंग दिसत नाही.

यातली एक गोष्ट तातडीची आहे. बोका पुन्हा पुन्हा आत जातोय, जोर लावतोय, ओरडतोय आणि लघवी थेंबभर किंवा काहीच होत नाही, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. बोक्यांची नळी अरुंद असते, त्यामुळे हे त्यांच्यात जास्त होतं, आणि एक-दोन दिवसांत जीवावर बेततं. ॲपवर तासाभरात पाच-सहा भेटी दिसल्या तर त्याला मशीनचा बिघाड समजून झोपी जाऊ नका. त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला, डॉक्टर गाठा. सेमिनरी हिल्सला १९५८ पासूनचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यांचं जनावरांचं रुग्णालयही तिथेच आहे. जवळच्या खासगी डॉक्टरांचा आणि रात्री कोण बघतं त्यांचाही नंबर आधीच फोनमध्ये ठेवा. वेळ आल्यावर शोधत बसायला सवड नसते.

घरात कोणी गरोदर असेल तर टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची धास्ती असते, आणि मोठी माणसं लगेच “मांजर देऊन टाका” म्हणतात. द्यायची गरज नाही. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पडला तरी लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस घेतो, म्हणून घाण रोज उचलली की धोका बराच कमी होतो. मशीनची गोम इथे आहे. ते घाण ट्रेमधून काढतं, पण खणात साठवतं, आणि खण आठवडाभर तसाच ठेवला तर हा फायदा उरत नाही. अशा घरात खण रोज रिकामा करायचा, आणि तो गर्भवतीने नाही, दुसऱ्याने, हातमोजे घालून. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी यांच्याकडेही तेवढंच लक्ष द्या, लागण तिकडूनही होते.

रोजचं चालवणं

खणाच्या पिशव्या कंपनीच्याच लागतात असं नाही, मापाची साधी कचऱ्याची पिशवी बहुतेकांत बसते. बेंटोनाइट संडासात टाकू नका, ते पाइपात फुगून घट्ट बसतं. ओल्या कचऱ्यातही नको, माती कुजत नाही. तुळशीच्या किंवा भाजीच्या कुंडीत तर अजिबात नाही. पिशवीला घट्ट गाठ मारून, वरून कागद गुंडाळून, कचरागाडीवाल्याला वेगळी द्या आणि आत काय आहे ते सांगा. तो माणूस हाताने कचरा निवडतो.

महिन्यातून एकदा सगळं लिटर काढून ड्रम किंवा ट्रे सौम्य साबणाने धुवा. ज्या भागात मोटर आहे तो फक्त ओल्या फडक्याने पुसा. सावलीत वाळवा, मेच्या उन्हात प्लास्टिक वाकतं. सेन्सरच्या काचेवर धूळ बसते, ती मऊ कपड्याने पुसली की निम्म्या तक्रारी मिटतात. पर्शियनसारखं लांब केसांचं मांजर असेल तर मागच्या बाजूचे केस कातरून घ्या, नाहीतर ओलं लिटर त्यांना चिकटून घरभर फिरतं.

पावसाळ्यात विजा कडाडल्या की लाइट जाते. मशीनला वीज फार लागत नाही, घरच्या इन्व्हर्टरवर ते आरामात चालतं, तर तो बोर्ड इन्व्हर्टरवर घेता येतो का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. इन्व्हर्टर नसेल तर निदान स्पाइक गार्ड लावा. फेरी अर्ध्यात असताना लाइट गेली, तर ड्रमचं तोंड वरच्या किंवा मागच्या बाजूला राहतं आणि मांजराला आत जाताच येत नाही. अशा वेळी हाताने ड्रम कसा आणायचा हे पुस्तिकेत दिलेलं असतं, ते अंधारात वाचायची वेळ येऊ देऊ नका. वायफायवर चालणारी बरीच मशीनं फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात. ॲप जोडलं जात नसेल तर आधी राउटरची ती सेटिंग बघा.

काही मांजरं इतकं सगळं करूनही मशीनला हात लावत नाहीत. दोन-तीन महिने धीर धरला, जागा बदलली, लिटर बदललं, तरी ते जुन्याच ट्रेमध्ये जात असेल, तर मशीन स्वच्छ धुऊन दुसऱ्या मांजरवाल्याला विकून टाका.

आणि ज्यांच्याकडे मशीन छान रुळलंय, त्यांनी दिवाळीत किंवा लग्नाला गावी जाताना ते एकटं सोडून जाऊ नये. खण भरला की बरीच मशीनं फिरायचंच थांबवतात. किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे देणार, त्यांना निघण्याआधी एकदा घरी बोलावून खण कसा उघडायचा ते दाखवा, पिशव्या वरच ठेवा, मशीनशेजारी भरलेला साधा ट्रे मांडा, आणि रोज खणाचा एक फोटो पाठवायला सांगा. जेवणाच्या वाटीचा फोटो ते न सांगताही पाठवतील.